मशीहाची खरी ओळख

सामान्य काळातील चोविसावा रविवार
(यशया ५०:५-९, याकोब २:१४-१८, मार्क ८:२७-३५)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना घेऊन फिलिप्पाच्या कैसरियाकडील खेड्यांत जातो. हा प्रदेश हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देन नदीच्या उगमाजवळ आहे. तेथील गुहेपाशी पॅन या ग्रीक देवाची पूजा चाले. थोरल्या हेरोदाने त्या भागात ऑगस्टस सम्राटासाठी मंदिर बांधले होते आणि त्याचा मुलगा फिलिप्प याने नगर वसवून त्याला कैसराचे नाव दिले होते. सम्राटाचा मोठेपणा जिथे दगडात उभा होता, तिथेच नासरेथचा एक सुतार शिष्यांना विचारतो, की लोक मला कोण समजतात? आणि लगेच पुढचा प्रश्न, तुम्ही मला कोण समजता?

पेत्र सर्वांच्या वतीने उत्तर देतो. येशू हाच ख्रिस्त आहे, असे तो सांगतो. उत्तर अचूक आहे. 'मशीहा' हा हिब्रू शब्द आणि 'ख्रिस्त' हे त्याचे ग्रीक रूप. दोन्हींचा अर्थ 'अभिषिक्त'. जुन्या करारात राजांचा आणि याजकांचा तेलाने अभिषेक होई. इ.स.पूर्व ६३ मध्ये पॉम्पे या रोमन सेनापतीने यरुशलेम जिंकले. तेव्हापासून यहुदी लोक रोमच्या टाचेखाली होते. म्हणून दावीदाच्या वंशातला राजा येईल, परक्यांना हाकलून देईल, अशी आशा पुष्कळजण बाळगून होते.

येशू मात्र हे कोणाला सांगू नका, अशी ताकीद देतो आणि स्वतःच्या दुःखसहनाविषयी, मरणाविषयी व पुनरुत्थानाविषयी उघडपणे बोलू लागतो. पेत्राला हे सहन होत नाही. तो प्रभूला बाजूला घेऊन चक्क दटावतो! आताच ज्याने अचूक उत्तर दिले, त्यालाच प्रभू सैतान म्हणतो आणि आपल्या मागे जायला सांगतो. हे शब्द कठोर आहेत, पण त्यांत दयाही आहे. गुरूच्या मागे हीच तर शिष्याची जागा! पेत्र पुढे होऊन प्रभूला वाट दाखवू पाहत होता. प्रभू त्याला पुन्हा त्याच्या जागेवर आणतो.

संत मार्कने या प्रसंगाच्या अगदी आधी बेथसैदा येथील आंधळ्याची घटना दिली आहे. प्रभूने पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला माणसे झाडांसारखी दिसली. दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा सर्व स्वच्छ दिसले. पेत्राचे तसेच झाले. त्याला नाव बरोबर दिसले, पण माणूस अजून धूसरच होता.

बंधू-भगिनींनो, आपली दृष्टी कितपत स्वच्छ आहे? बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याही मस्तकावर पवित्र तेल लावले गेले. दर रविवारी आपण श्रद्धेचा अंगीकार मोठ्याने म्हणतो. पण परीक्षेचा निकाल, मुलाची नोकरी, परदेशाचा व्हिसा, घरातले आजारपण यांसाठी नोव्हेना करताना आपल्याला नक्की कोणता मशीहा हवा असतो? मागणे चुकीचे नाही. प्रभूनेच आपल्याला मागायला शिकवले आहे. पण मागितलेले मिळाले नाही, आईचा कॅन्सर बरा झाला नाही, तर 'देव कुठे आहे?' असे म्हणत आपण मिस्साच सोडून देतो का? मग आपण ख्रिस्ताला मानत होतो की आपल्या इच्छेला?

आजच्या पहिल्या वाचनातला प्रभूचा सेवक मार खातो, अपमान सोसतो, पण मागे फिरत नाही. त्याच्या चेहऱ्यात ख्रिस्तसभेला येशूचा चेहरा दिसला. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला देवाचा पुत्र म्हणून मान्य करणारा पहिला माणूस कोण? क्रूसासमोर उभा असलेला एक रोमन शताधिपती! कैसराच्या चाकरीतल्या त्या सैनिकाने कोणताही चमत्कार मागितला नव्हता. येशूने प्राण कसा सोडला हे त्याने पाहिले, आणि त्याला ओळख पटली.

म्हणून मशीहाची ओळख क्रूसाला वळसा घालून होत नाही. आईच्या उशाशी आपण हताश बसलेले असतो तेव्हा तो आपल्याला सोडून गेलेला नसतो. तीच तर त्याची जागा आहे. दुसऱ्या वाचनात संत याकोब आपल्याला आणखी एक पायरी पुढे नेतो. उघड्या-उपाशी भावाला किंवा बहिणीला नुसत्या शुभेच्छा देऊन काय उपयोग, असे तो विचारतो. कृतीविना श्रद्धा निर्जीव आहे.

तेव्हा या आठवड्यात आपण एक गोष्ट करू या. आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांच्याकडे जाऊन थोडा वेळ बसू या. उपदेश नको, कारणे सांगणे नको. तिथे बसल्यावर प्रभूचा तो प्रश्न आपल्याला पुन्हा ऐकू येईल.

हे प्रभू येशू, आमच्या डोळ्यांवर पुन्हा एकदा हात ठेव, म्हणजे आम्ही तुला स्पष्ट पाहू आणि तुझ्या मागे चालू. आमेन.