हलकी रायफल, भारी स्कोप

शिकारीच्या बंदुकांचा नाद असलेल्या लोकांत एक वेड जगभर दिसतं. डोंगर चढायला सोपी जावी म्हणून मुद्दाम जास्त पैसे मोजून हलकी रायफल घ्यायची आणि मग तिच्या पाठीवर दुकानातला सगळ्यात मोठा स्कोप चढवायचा. दस्त्यातून, नळीतून शंभर-शंभर ग्रॅम कमी करण्यासाठी कारागिराने जिवाचं रान केलेलं असतं. ते सगळं वजन एका दुपारी चार स्क्रू आवळून परत आणलं जातं.

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचा विषय संपवला. वेड मात्र संपलं नाही, ते एअर रायफलीवर येऊन बसलं. पनवेलजवळच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटात ट्रान्सपोर्टचं ऑफिस सांभाळणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल आहे, तीन किलोच्या आतबाहेरची. गावाकडच्या शेतात मातीच्या बांधापुढे पत्र्याचे डबे मांडून वीस-पंचवीस मीटरवरून तो नेम धरतो. तिच्यावर त्याने ६-२४×५०चा स्कोप बसवला आहे. म्हणजे सहापासून चोवीस पटीपर्यंत मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. वीस मीटरवरचा डबा चोवीस पट मोठा करून त्याला नक्की काय बघायचं आहे, हे त्यालाही सांगता येत नाही. "पॉवर असलेली बरी ना, काका," एवढंच तो म्हणतो.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. पॉवर असलेली बरी, हे प्रत्येक वेळी खरं नसतं.

आधी भिंगाचं गणित बघू. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, हे उत्तर म्हणजे स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५६ मिलिमीटरचं भिंग आठ पटीवर वापरलं तर ७ मिलिमीटरचा झोत मिळतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. पन्नाशीनंतर ती पाचाच्या आसपासच थांबते, वरचा प्रकाश वाया जातो. साधं ४० मिलिमीटरचं भिंग सहा पटीवर साडेसहाच्या वर देतं, म्हणजे डोळा जेवढं पिऊ शकतो तेवढं जवळजवळ सगळंच. मोठं भिंग पंचवीस पटीवर नेलं की झोत सव्वादोन मिलिमीटरवर येतो आणि संध्याकाळी चित्र काळवंडतं. मोठ्या भिंगाचा खरा फायदा मावळतीनंतरच्या थोड्या वेळापुरता, तोही मध्यम पटीवर. जर्मनीत रानडुकरांसाठी रात्री मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ वापरतात ते यासाठीच. तिथे बंदूक कठड्यावर टेकलेली असते, माणूस बसलेला असतो आणि तासन्‌तास कुठे चालत जायचं नसतं. त्या मचाणावर ती दुर्बीण शहाणपणाची आहे. तीच दुर्बीण पायी फिरणाऱ्याच्या अडीच-पावणेतीन किलोच्या रायफलीवर आली की तिचं शहाणपण मचाणावरच राहतं.

आता वजन. जुन्या पद्धतीचा चार पटीचा किंवा २-७×३३चा छोटा स्कोप तीनेकशे ग्रॅमचा असतो, ५-२५×५६च्या जातीचा किलोच्या घरात. पण किती यापेक्षा कुठे हा प्रश्न मोठा आहे, आणि कळंबोलीत तो कुणाला शिकवावा लागू नये. इथून रोज पोलादाच्या कॉइली भरून ट्रेलर निघतात. कॉइल कुठल्या धुऱ्यांवर येईल, तिच्याखाली पाचर कशी बसेल, साखळी कुठून ओढायची, हे भरणारा माणूस आधी बघतो. तेच वजन फूटभर वर गेलं तर कळंबोली सर्कलच्या वळणावर काय होईल हे त्याला ठाऊक असतं. रायफलीचंही तसंच. हलक्या रायफलीचा तोल तिच्या मधल्या भागात, दोन हातांच्या मध्ये ठेवलेला असतो. ती खांद्याला लावताच नळी आपोआप नजरेच्या रेषेत येते, आणि हेच तिचं खरं मोल. वर किलोभर चढलं की तोल नळीच्या वर सरकतो, बंदूक हातात कलंडू लागते आणि डावा हात तिला सावरत बसतो.

भिंग मोठं म्हणून स्कोप धरणाऱ्या कड्याही उंच घ्याव्या लागतात. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतचं अंतर वाढलं की गाल दस्त्यावरून उठतो आणि हनुवटीवर काम भागवावं लागतं. गाल टेकलेला नसेल तर डोळा दर वेळी भिंगामागे वेगळ्या जागी येतो, आणि नेम तिथेच बिघडतो. कलंडलेल्या बंदुकीचाही हिशोब आहे. गोळी खाली पडते म्हणून आपण जेवढं वर धरतो, त्यातला काही भाग बंदूक तिरकी झाल्यावर आडवा जातो. मीटरभर वर धरलं आणि बंदूक पाच अंश कलली, तर गोळी जवळपास नऊ सेंटिमीटर बाजूला जाते. पाच अंशांचा कल डोळ्याला सहज कळतही नाही.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, ती पोकळ नाही. हलकी रायफल जोरात लाथ मारते. तिच्यावर तीनशे ग्रॅमऐवजी किलोभराचा स्कोप असेल तर धक्क्याची ऊर्जा जवळपास एक-पंचमांशाने कमी होते. हे शुद्ध भौतिकशास्त्र आहे, आणि खांदा त्याची साक्ष देतो. पण तोच धक्का आता किलोभराच्या नळकांड्याला जागचं हलवत असतो आणि तो सगळा ताण कड्यांवर, चार बारीक स्क्रूंवर येतो. अंगावर येणारं कमी झालं ते जोडावर गेलं. शिवाय वजनच वाढवायचं होतं तर हलकी रायफल घेतली कशाला, हा प्रश्न उरतोच. साडेतीन किलोची रायफल स्वस्त मिळते, आणि तिच्यात ते वजन योग्य जागी असतं.

दुसरा मुद्दा मला जास्त पटतो, कदाचित वयामुळे. उघड्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर एकाच वेळी नजर ठेवायची असते. चाळिशी लागली की डोळा तसं करायला नकार देतो. स्कोप या तिन्ही गोष्टी एकाच पातळीवर आणतो. हा चमत्कारच आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी वाचायचा चष्मा काढून दाखवावा. पण त्यासाठी दोन ते सात पट पुरते.

स्प्रिंगच्या एअर रायफलीत एक खास भानगड आहे. तिथे धक्का दोनदा बसतो. स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आपटला की ती झटक्यात पुढे जाते. बारूदाच्या रायफलीसाठी बांधलेल्या स्कोपची आतली भिंगं एकाच दिशेचा धक्का गृहीत धरून बसवलेली असतात, त्यामुळे चांगले महाग स्कोपही इथे खिळखिळे होतात. बंदूक पुढे झटकते, जड स्कोप जागेवर राहू बघतो आणि बंदुकीच्या पाठीवरच्या, तो जिच्यात बसवलेला असतो त्या खाचेतून हळूहळू मागे सरकतो. त्या मुलाचा नेम भरकटायला लागला तेव्हा त्याने आधी छर्‍यांना दोष दिला. स्कोप उतरवल्यावर खाचेच्या काळ्या रंगावर दोन-तीन मिलिमीटरचा चकचकीत ओरखडा दिसला. मग तळोज्याच्या एका लेथवाल्याकडून अडकण म्हणून पोलादी पिन करून घेतली. स्कोप थांबला. आता पिनीखालचा धातू दबतो आहे.

यात आणखी एक गंमत. रायफलीचे बरेच स्कोप शंभर यार्डांवर स्वच्छ दिसावं असे कारखान्यातच बांधलेले असतात. ते दहा-वीस मीटरवर चोवीस पटीला लावले तर समोर नुसता धूसर गोळा. शंभर मीटरवर चार पटीला नऊ-दहा मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, चोवीस पटीला दीड मीटरच्या आसपास. एवढ्याशा खिडकीतून आधी लक्ष्य शोधावं लागतं. सापडलं की ते थांबत नाही, कारण भिंग लक्ष्याबरोबर आपला श्वास, नाडी आणि दंडाची थरथर तेवढीच मोठी करतं. हात एक हजारांश रेडियन हलला तर शंभर मीटरवर नेम दहा सेंटिमीटर सरकतो. भिंग चार पटीचं असो की चोवीस पटीचं, हे दहा सेंटिमीटर तेवढेच राहतात. पण चोवीस पटीला ते दिसतात, माणूस घाबरतो आणि क्रॉस मध्यावरून जाताना चाप झटकतो. पॉवर वाढवल्यावर नेम खराब झाल्याची तक्रार अनेक जण करतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

भिंगाशिवायचा नेम बघायला लांब जावं लागत नाही. कळंबोलीपासून हाकेच्या अंतरावर, पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत नेमबाज सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली होती, आणि त्याच वर्षी क्वालालंपूरला ४००पैकी ४०० करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. पुढे नेमबाज अवनी लेखराच्या प्रशिक्षक म्हणूनही देशाने त्यांना ओळखलं. त्यांच्या खेळाचे नियम वाचावेत. दहा मीटर एअर रायफलीत बंदुकीवर स्कोप चालत नाही. पुढे एक कडी, मागे बारीक भोक, बस. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ठिपका छर्‍याच्या नवव्या हिश्शाएवढा, आणि तो कुणी मोठा करून दाखवत नाही.

तिथली रायफल हलकीही नसते. नियम साडेपाच किलोपर्यंत मुभा देतो, आणि अनेक नेमबाज त्या मर्यादेच्या जवळ जातात. वजनाचे छोटे ठोकळे नळीखाली, दस्त्यात, ग्रॅमच्या हिशोबाने इकडून तिकडे सरकवले जातात, का तर बंदूक हातात मेल्यासारखी निश्चल पडावी. जड बंदूक आणि भिंग नाही, हे शिकारीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या स्वप्नाच्या अगदी उलट आहे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारलेल्या त्या गोळ्याही भिंगाशिवायच्या होत्या.

यावर कुणी म्हणेल, तो खेळ आहे, शिकार वेगळी. मान्य. पण मोठ्या स्कोपविरुद्धचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप शिकारीच्या बाजूनेच येतो. भिंग अंतराविषयी खोटं बोलतं. तीनशे मीटरवरचं जनावर शंभरावर आहे असं वाटायला लागतं, आणि हलक्या, उसळणाऱ्या, कलंडलेल्या रायफलीतून माणूस जो बार करायला नको तो करतो. जखमी जनावर रानात जातं. शिकारी जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी रायफल, चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ साली त्याला भेट मिळालेली, हलकी होती आणि उघड्या नेमाची होती. त्याला अंतर पायांनी कमी करावं लागे. आपल्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या एकनळ्या आणि ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, नंतर परत येतात. भाताच्या राखणीला माळ्यावर बसणाऱ्याचा मार तीस-चाळीस पावलांचा. त्याच्या बंदुकीवर स्कोप बसवून काहीही मिळणार नाही, आणि हे त्याला सांगावंही लागत नाही.

एअर रायफलीचं अंतर याहून कमी, पण तिच्यावरचं भिंग मात्र डोंगरातल्या शिकाऱ्याचं. मग पत्र्याचे डबे कंटाळवाणे होतात आणि नजर आंब्यावरच्या होल्याकडे वळते. तो गुन्हा आहे, आणि कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य जवळ असताना तर लाजिरवाणाही. सालिम अलींच्या आयुष्याची दिशा ठरली ती लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे, हे खरं. पण तो काळ १९०८चा आणि छोट्या सालिमला तो पक्षी ओळखून घेण्यासाठी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीचं दार उघडं होतं. आज अरुणाचल प्रदेशात २०२१पासून लोकांनी एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम चालते, ती रानं मुकी होत चालली म्हणूनच.

वन्य प्राण्यावर नेम धरण्याचं काम महाराष्ट्रात आज सर्वांत कायदेशीरपणे आणि नेमाने कोण करतं, तर वनखात्याचे पशुवैद्य. वस्तीत शिरलेल्या बिबट्याला भूल देणारी डार्टगन त्यांच्या हातात असते. डार्ट म्हणजे उडती सिरिंज, गोळीच्या मानाने फार संथ, कमानीत जाणारी. जोर जास्त झाला तर ती हाडात घुसते, कमी पडला तर पायाशी पडते. म्हणून डॉक्टर आधी प्राण्याचं वजन अंदाजतात आणि औषध भरतात, मग अंतर अंदाजतात आणि तक्त्यात बघून गॅसचा दाब लावतात. नेम सर्वांत शेवटी, मांडीच्या जाड स्नायूवर, थोड्या मीटरांवरून. अंतर जास्त वाटलं तर ते पट वाढवत नाहीत. गर्दी मागे हटवून घेतात आणि जवळ जातात.