शब्दाची मुदत

मराठीत शब्द 'देतात'. एकदा दिला की तो देणाऱ्याचा राहत नाही, घेणाऱ्याचा होतो. म्हणून तो पाळावा लागतो, त्याला जागावं लागतं आणि फिरवला तर माणसाची पत जाते. हुंडीला जशी मुदत असते तशी दिलेल्या शब्दालाही असते. उर्दूत याच अर्थानं 'जबान देणं' म्हणतात. आपल्या घरांत या दोन्ही भाषा नांदतात आणि दोन्हींना ठाऊक आहे की चांगलं बोलणं वेगळं आणि शब्द देणं वेगळं. आपल्या सभा-संमेलनांतून, जलशांतून, जुम्म्याच्या बयानांतून चांगलं बोलणं भरपूर होतं. शब्द देणं मात्र क्वचितच होतं. असं का व्हावं, आणि बोललेलं हातून घडायचं असेल तर त्या बोलण्यात काय असावं लागतं, याचा विचार इथं करायचा आहे.

सूरह अस्-सफ्फच्या सुरुवातीलाच बोलणं आणि करणं यांतल्या अंतराबद्दल जाब विचारलेला आहे. हा जाब ईमान नाकारणाऱ्यांना विचारलेला नाही, ईमानवाल्यांनाच विचारलेला आहे, हे आपण वाचताना पटकन ओलांडून जातो. ज्यांच्याजवळ मोठे शब्द आहेत त्यांनाच हा धोका अधिक. मोठा शब्द उच्चारताच मन भरून येतं, आणि मन भरून आलं की काम झाल्यासारखं वाटू लागतं.

यावर आपल्यात एक उत्तर नेहमी दिलं जातं : नीयत साफ असली म्हणजे झालं. अमलाची पारख नीयतीवर होते, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरंच आहे. पण ही नीयत आपण रोज करतो कशी, तेही पाहावं. नमाजची नीयत मुसल्ल्यावर उभं राहून करतात आणि तीही नेमक्या नमाजची, फज्रची की जोहरची. रोज्याची नीयत त्या रोज्यापुरती असते. 'कधीतरी नमाज पढेन' याला कोणी नीयत म्हणत नाही, त्याला इच्छा म्हणतात. नीयत अमलाला अगदी लागून उभी असते. कामाला निघालेल्या माणसाला वाटेत अडचण आली तर त्याच्या नीयतीचा सवाब वाया जात नाही, हा दिलासा आपल्याला आहे. पण त्यासाठी आधी निघावं लागतं.

'इन्शाअल्लाह'चंही आपण असंच करून टाकलं आहे. सूरह अल-कहफमध्ये या शब्दाची शिकवण आली आहे ती उद्या एखादी गोष्ट नक्की करीन असं म्हणणाऱ्या माणसासाठी. म्हणजे काम ठरलेलं आहे, दिवस ठरलेला आहे, माणसाचा निश्चय झालेला आहे. आता त्यानं आपल्या ताकदीचा गर्व करू नये म्हणून हा शब्द. आपल्या व्यवहारात तो तारखेच्या जागी येऊन बसला. 'वर्गणी कधी देताय?' 'इन्शाअल्लाह.' 'मुलीचं नाव कॉलेजात घालणार ना?' 'इन्शाअल्लाह.' निश्चयाला नम्र करणारा शब्द आपण निश्चय टाळण्यासाठी वापरू लागलो.

मग शब्दाला अमलापर्यंत नेतं कोण? आपल्या दीननं याचा एक नमुना घालून दिलेला आहे, तो जकातीचा. गरिबाची कणव असावी, असं सगळेच धर्म सांगतात. जकातीनं त्या कणवेला हिशोब दिला. निसाब किती, तो ठरला. मालावर चांद्रवर्ष उलटलं की मुदत भरली. हिस्सा किती, तर चाळिसावा, शेकडा अडीच. घेणारे कोण, त्यांचे आठ वर्ग सूरह अत्-तौबामध्ये सांगितले. इतकं झाल्यावर कणव ही मनाच्या लहरीची गोष्ट राहत नाही. देणारा उपकारकर्ता उरत नाही, कारण ती रक्कम दुसऱ्याचा हक्क आहे. शब्दाला रक्कम, मुदत आणि हक्कदार मिळाला की तो अमलाच्या वाटेला लागतो. आमचं सारं म्हणणं एवढंच आहे.

हे कोल्हापूर जिल्ह्यात आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२० सालच्या वसंतात कोरोनाच्या निमित्तानं देशभर मुसलमानांवर संशयाची बोटं रोखली जात होती. मशिदी बंद होत्या, रमजानची तरावीह घरात आणि ईदही घरातच झाली. अशा दिवसांत इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकातीच्या पैशातून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. मे २०२० मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्या खाटांवर कोण झोपेल हे कोणी विचारलं नाही. 'आम्हीही या मातीचे आहोत' हे वाक्य त्या वर्षी पुष्कळांनी लिहिलं आणि बोललं. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गावानं ते दहा खाटांत सांगितलं. जकात संस्थेच्या कामासाठी वापरावी की थेट गरिबाच्या हाती द्यावी, यावर उलेमांत मतभेद आहेत आणि त्यांची चर्चा जरूर व्हावी. पण ती चर्चासुद्धा कुणीतरी काही केलं म्हणजेच अर्थाची होते.

कोल्हापूरला या बाबतीत एक मोठा उस्तादही लाभला. राजर्षी शाहू छत्रपती समतेवर बोलले त्याहून किती तरी अधिक त्यांनी समतेचे हुकूम काढले. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. त्यात आकडा होता, म्हणून तो अधिकाऱ्यांना चुकवता येईना. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आपल्या समाजाच्या बाबतीत तर त्यांनी आपली वाटही पाहिली. शिक्षणासाठी पुढाकार घेणारं कोणी दिसेना, तेव्हा १९०६ साली त्यांनी मुस्लिम मंडळींची सभा स्वतः बोलावली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. कुराणाचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणूनही त्यांनी पैसा दिला, कारण घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला आपला कलाम समजला पाहिजे. न समजलेल्या शब्दावर अमल कसा होणार?

गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलाची हकीकत कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यासाठी महाराज तिथं थांबत आणि सोबतच्यांनाही पाजत. अस्पृश्यतेवर त्या काळात व्याख्यानं थोडी झाली नाहीत. पण कप हातात आला की व्याख्यान ऐकणाऱ्याला आपली बाजू ठरवावी लागे.

इथं एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक शब्दाला रक्कम आणि तारीख चिकटवली तर दीन आणि माणुसकी ही खातेवही होऊन जाईल, माणूस अडीच टक्के देईल आणि उरलेल्या साडेसत्त्याण्णवांत वाटेल तसा वागेल. आक्षेपात तथ्य आहे. आकडा पाळून काळीज कोरडं राहिलेली माणसं आपण पाहतो. म्हणूनच जकातीच्या पुढं सदका ठेवलेला आहे, त्याला हद्द नाही. शेजाऱ्याशी हसून बोलणंही त्यात येतं. आकडा म्हणजे चांगुलपणाची पायरी. घर पायरीच्या पुढं असतं हे कबूल, पण पायरी काढून घेतली तर आत जाणार कसं? ज्याला अडीच टक्के जड जातात, त्याच्या तोंडून उरलेल्याची भाषा शोभत नाही.

दुसरा धोका वारशाचा आहे. 'शाहूंचं कोल्हापूर', 'पुरोगामी कोल्हापूर' हे शब्द आपण अभिमानानं उच्चारतो, आपल्याइतकेच हिंदू बांधवही उच्चारतात. पण जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या काही स्टेटसच्या निमित्तानं याच शहरात दगडफेक झाली. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. शाहूंचं नाव घेतल्यानं ते थांबलं नाही. पूर्वजांनी दिलेला शब्द त्यांनी त्यांच्या काळात पाळला. आपल्या काळात तो पाळायचा तर नव्यानं द्यावा लागतो, नव्यानं काही खर्ची घालावं लागतं. हे त्या बाजूला जितकं लागू आहे तितकंच आपल्यालाही. भाईचाऱ्याचा ठराव सोपा असतो. शेजारच्या गल्लीतल्या दहा घरांत वर्षातून दोनदा तरी जाणं-येणं ठेवणं, अफवा आली की कोणाला फोन करायचा ते आधीच ठरवून ठेवणं, हे किचकट असतं. पण वेळ आली की उपयोगी तेच पडतं.

आपण लिहिणाऱ्यांनीही हा हिशोब स्वतःला लावावा. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात भरलं. त्यानंतरच्या काळात आपण आपलं जगणं मराठीत मांडलं आणि हे लहान काम नव्हे. लेखकाचा शब्द हाच त्याचा अमल असतो, असं म्हणता येईल. पण संमेलनाच्या अखेरीस ठराव मांडताना आपण लेखक राहत नाही, शब्द देणारे होतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातले आकडे व्यासपीठावरून सांगणं आता सवयीचं झालं आहे : २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के. तो आकडा सरकारला जाब विचारण्यासाठी हवाच. पण आपल्या मोहल्ल्यात यंदा दहावी झालेल्या मुली किती आणि अकरावीला गेल्या किती, हा आकडा कोणाच्या वहीत आहे? तो काढायला समिती लागत नाही, एक दुपार लागते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ठराव थोडे करावेत, आणि प्रत्येकाखाली कोण करणार, किती पैसा लागणार आणि कधीपर्यंत होणार हे लिहावं. पुढच्या बैठकीचा पहिला तास मागच्या ठरावांना द्यावा आणि जे झालं नाही त्याचं कारण उभं राहून सांगावं. दुसरी गोष्ट जमातींसाठी. प्रत्येक जमातीनं दहावीचा निकाल लागल्यावर आपल्या मुलींची यादी करावी. जिचं शिक्षण पैशापायी किंवा एसटीच्या वेळेपायी अडत असेल, तिच्या नावासमोर जबाबदारी घेणाऱ्याचं नाव लिहावं. ते नाव त्या मुलीच्या आईलाही सांगावं, म्हणजे प्रवेशाची तारीख जवळ आली की तिला त्याच्या दारात जाऊन विचारता येईल, 'भाईजान, तुम्ही शब्द दिला होता, त्याचं काय झालं?'

हे विचारण्याचा हक्क तिला मिळाला, की आपला शब्द खऱ्या अर्थानं दिला गेला.