शील धाकाने की समजुतीने?



पंचशील ग्रहण करताना आपण 'समादियामि' असा शब्द उच्चारतो. त्याचा अर्थ, मी स्वतः स्वीकारतो. येथे कोणी देव आज्ञा करीत नाही आणि नरकाची भीतीही घालीत नाही. मग आपला मुलगा दारूला शिवला, खोटे बोलला, तर आईबापांनी काय करावे? कडक नियम करून शिक्षेचा धाक घालावा काय? नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना एका परधर्मीय शिक्षणसंस्थेचे उदाहरण उपयोगी पडेल.

अमेरिकेतील युटा राज्यात प्रोव्हो या गावी ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. ते मॉर्मन चर्चच्या मालकीचे आहे. तेथे शिकणाऱ्या प्रत्येकाला आचारसंहिता मान्य करावी लागते. दारू, तंबाखू इतकेच काय, चहा-कॉफीही वर्ज्य. लग्नाबाहेर शरीरसंबंध वर्ज्य. पुरुषांनी दाढी राखायची नाही. हे नियम खेळाडूंनाही लागू आहेत.

२०११ च्या मार्च महिन्यात त्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. २९ पैकी २७ सामने त्याने जिंकले होते. नेमक्या त्याच वेळी एका प्रमुख खेळाडूने संहिता मोडल्याचे निष्पन्न झाले. विद्यापीठाने त्याला उरलेल्या हंगामासाठी संघाबाहेर ठेवले. पुढचाच सामना संघ घरच्या मैदानावर १८ गुणांनी हरला. विद्यापीठाने निर्णय बदलला नाही. पुढच्या हंगामात मात्र तो खेळाडू संघात परतला.

यात घेण्यासारखे काही आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जो संघाला जिंकून देतो त्याला नियमातून सूट मिळाली नाही, आणि ज्याला शिक्षा झाली त्याला परतीची वाटही बंद झाली नाही. आपल्या संघातही हेच तत्त्व होते. उपाली न्हावी आणि शाक्य राजकुमार एकाच वेळी प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा उपालीला आधी दीक्षा देण्यात आली. त्यामुळे राजकुमारांना आपल्याच सेवकाला वंदन करावे लागले. जेथे नियम मोठ्याला वेगळा आणि लहानाला वेगळा, तेथे नियम नसतो, मनुस्मृती असते.

परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाही. हीच शिस्त अन्यायाच्या बाजूने उभी राहिली तर काय होते, तेही पाहू. त्याच चर्चमध्ये १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. ही वेदना आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. १९६९ मध्ये शेजारच्या वायोमिंग राज्याच्या विद्यापीठातील १४ काळ्या फुटबॉल खेळाडूंनी ब्रिगहॅम यंगच्या संघाशी खेळताना निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधावी असे ठरविले. त्यांच्या प्रशिक्षकाने, खेळाडूंनी निदर्शने करू नयेत या नियमावर बोट ठेवून, चौदाही जणांना संघातून काढून टाकले. त्यांनी दारू प्याली नव्हती, चोरी केली नव्हती. माणुसकीचा प्रश्न विचारला, हाच त्यांचा गुन्हा ठरला!

आणखी एक गोष्ट. प्रोव्होच्या विद्यापीठात लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या काही विद्यार्थिनींना, तुम्हीच आचारसंहिता मोडली काय, अशा चौकशीला तोंड द्यावे लागले. ओरड झाली तेव्हा, २०१६ मध्ये, तक्रार करणाऱ्यांना अशा कारवाईपासून अभय देण्याचे विद्यापीठाने मान्य केले. ज्या नियमाच्या भीतीने पीडिताचे तोंड बंद होते, त्या नियमाला शील कसे म्हणावे?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांतील भेद सांगितला आहे. नियम काय करावे ते ठरवून देतो. तत्त्व माणसाला स्वतः विचार करायला लावते आणि म्हणून त्याच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर टाकते. नुसत्या नियमांचा धर्म ही जबाबदारीच मारून टाकतो. भगवंतांनी भिक्खूंसाठी नियम केले, पण ते आकाशातून आणले नाहीत. जशी चूक घडली तसा, तिने कोणाचे काय बिघडले ते दाखवून, नियम घालून दिला.

म्हणून आईबापहो, घरात नियम जरूर करा, पण त्याचे कारण मुलाला विचारू द्या आणि उत्तर देण्याची तयारी ठेवा. दारू का नको? कारण ती बुद्धीचा तोल घालविते, घरातील पगार खाते आणि बायकोच्या अंगावर वळ उठविते. हे ज्या मुलाला पटले, तो गाव सोडून शहरात गेला तरी शील सोबत नेईल. ज्याला फक्त मार आठवतो, तो बापाची पाठ फिरताच गुत्त्याची वाट धरील. आणि बाप स्वतःच पीत असेल, तर त्याच्या नियमाला घरात किंमत राहणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी उभे राहून बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. त्यांच्या डोक्यावर कोणाची काठी नव्हती. उद्या आपल्या वस्तीच्या कबड्डी संघातील सर्वांत चांगला गडी पिऊन मैदानात आला, तर त्याला त्या दिवशी बाहेर बसवा, सामना गेला तरी चालेल. पण संध्याकाळी त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा आणि त्याला पुन्हा विहारात घेऊन या. आणि त्याच संघातील एखादा पोर उठून म्हणाला, "हा नियम चुकीचा आहे," तर त्याला गप्प करू नका. त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्या.

जय भीम!