तो कशासाठी निघाला होता?

आजचा शास्त्रभाग : लूक १०:२५-३७ आणि १ करिंथ १३:३



आज २५ एप्रिल. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आज पहाटे अंधारातच लोक युद्धस्मारकांपाशी जमतात. १९१५ साली याच तारखेला त्यांचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले होते. माझी भाची मेलबर्नला असते. तिने काल तिथल्या युद्धस्मारकाच्या आवारातल्या एका छोट्या पुतळ्याचा फोटो पाठवला. एक गाढव, त्यावर जखमी सैनिक, आणि त्याला सावरत चाललेला दुसरा सैनिक. खाली लिहिलं होतं, "मावशी, हा बघ तुझा शोमरोनी."

फोटो पाहून छान वाटलं. पण त्या माणसाविषयी वाचत गेले तसं मन एका ठिकाणी अडकलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

त्याचं नाव जॉन सिम्पसन किर्कपॅट्रिक. तो मूळचा ऑस्ट्रेलियन नव्हेच. ६ जुलै १८९२ ला इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्स या बंदराच्या गावी जन्मला. लहानपणी सुट्टीत तिथल्या वाळूवर गाढवं फिरवायचं काम करायचा. वडील वारल्यावर व्यापारी जहाजावर लागला आणि १९१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पळाला. मग चार वर्षं मिळेल ते काम. ऊसतोड, कोळशाची खाण, किनाऱ्याने फिरणाऱ्या जहाजांच्या भट्ट्या. आईला मात्र पैसे पाठवायचा. त्याची पत्रं जपून ठेवलेली आहेत. त्यांत आईची काळजी आहे आणि मारामारीच्या फुशारक्याही आहेत.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि तीन-चार आठवड्यांच्या आत तो पर्थला भरती झाला. नाव सांगितलं नुसतं जॉन सिम्पसन. आडनाव गाळलं ते बहुधा जहाजावरून पळाल्याचं उघडं पडू नये म्हणून. आणि भरती कशासाठी? पत्रांचा अभ्यास करणारे म्हणतात, सैन्य इंग्लंडला जाईल, फुकटात घरी पोचू, आईला भेटू, असा त्याचा हिशेब होता. पण त्यांना उतरवलं इजिप्तमध्ये, आणि तिथून गॅलिपोलीला.

अंगाने दणकट म्हणून त्याला तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचर वाहायचं काम मिळालं होतं. उतरल्यावर एक-दोन दिवसांतच त्याला कुठूनसं एक गाढव सापडलं आणि लहानपणचं काम परत सुरू झालं. जाताना वर पाणी न्यायचं, येताना जखमीला गाढवावर बसवून दरीतून किनाऱ्यावर आणायचं. त्या वाटेवर नेमबाजांच्या गोळ्या आणि फुटणारे तोफगोळे रोजचे. तो आपल्या तुकडीबरोबर राहतही नसे. आपल्या हिंदुस्थानी तोफखान्याची २१वी कोहाट माउंटन बॅटरी तिथे होती, शीख आणि पंजाबी मुसलमान जवानांची. त्यांच्याकडे खेचरं, म्हणजे चाऱ्याची सोय. म्हणून हा त्यांच्या तळावर राही. ते त्याला 'बहादूर' म्हणत. (मला हे वाचून फार आनंद झाला. कुणाचा कोण, आणि कुठे जाऊन जेवतो!)

१९ मे ला तुर्की सैन्याने मोठा हल्ला केला. त्याच सकाळी जखमींना आणायला गेलेला सिम्पसन त्या दरीत गोळी लागून मेला. वय २२. उतरल्यापासून २४ दिवस. त्या हल्ल्यात तुर्कांचे सुमारे ३,००० सैनिक मेले. २४ मे ला दोन्ही बाजूंनी काही तास बंदुका खाली ठेवून आपापले मृत पुरले. पुतळ्यात ते दिसत नाहीत, पण तीही कुणाची तरी मुलं होती, आणि आपल्या जमिनीवर लढत होती. शेजारी कोण, हा प्रश्न वाचताना त्यांना कसं वगळायचं?

आता माझी अडचण. पौल करिंथकरांना सांगतो की मी आपलं शरीरसुद्धा देऊन टाकलं आणि प्रीती नसली तर मला काहीच लाभ नाही. वचन कडक आहे, त्याला वळसा घालता येत नाही. मग जो घरी जायला फुकट तिकीट मिळेल म्हणून भरती झाला, त्याच्या मरणाचं काय? हेतू असा असेल तर काम चांगलं म्हणायचं का?

खरं सांगू, मी हे सिम्पसनसाठी विचारत नाहीये. माझ्या सासूबाई अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणात होत्या. मंडळीतल्या बाया म्हणायच्या, "ताई, तुम्ही रूथ आहात अगदी." मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, नम्रता. पण राहती खोली सासूबाईंच्या नावावर होती, आणि मोठ्या जाऊबाई त्यांना आपल्याकडे न्यायला तयार होत्या. मी "नको, मी करते" म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात ती खोली होती. हे मी इतकी वर्षं कुणाला बोलले नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

म्हणून या वेळी शोमरोन्याची गोष्ट मी हळूहळू वाचली, एकेका शब्दावर थांबत. तो त्या वाटेवर का होता? प्रभू सांगतच नाही. प्रवासात होता, एवढंच. व्यापार असेल, वसुली असेल, कदाचित काही बरं नसलेलंही काम असेल. तो जखमींना शोधायला घरून निघाला नव्हता हे नक्की. याजक आणि लेवी यांनीही त्या माणसाला पाहिलं आणि ते बाजूने निघून गेले. शोमरोनी जवळ आला, त्याने पाहिलं, आणि मग त्याला कळवळा आला. कळवळा तिथे आला, त्या धुळीत, रक्त बघितल्यावर. पौल जी प्रीती मागतो ती माणूस निघताना गाठोड्यात बांधलेली असलीच पाहिजे असं मला आता वाटत नाही.

हे फार सोयीचं उत्तर तर नाही ना, अशी शंका मलाही येते. कारण वाटेत न येणारा कळवळाही असतो. माणूस तीन वर्षं सेवा करतो आणि शेवटपर्यंत खोलीच मोजत राहतो, असंही होतं. मी कधी मोजायची थांबले, ते मला सांगता येत नाही. एका रात्री चादर बदलताना सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि अडखळत म्हणाल्या, "हात किती गार पडलेत गं तुझे." त्यांना स्वतःची कूस बदलता येत नव्हती, आणि त्या माझ्या हातांचं बघत होत्या. त्यानंतर मी खोलीचा विचार केला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण पहाटे त्यांनी हाक मारली की मी आधी उठायची आणि मग जागी व्हायची.

सिम्पसनचं मन देवाला ठाऊक. पण तिकिटाचा हिशेब तर इजिप्तमध्येच बुडाला होता. दरीतल्या त्या २४ दिवसांत रोज सकाळी गाढव घेऊन परत वर जाण्यात इंग्लंडचा रस्ता कुठेच नव्हता.

लोकांना मात्र एवढ्याने भागेना. त्याने ३०० माणसं वाचवली, अशी गोष्ट झाली. वाटेचं अंतर आणि दिवस मोजले तर हा आकडा बसत नाही, आणि बसता येत नव्हतं अशा जखमींना तर स्ट्रेचरवरच न्यावं लागे. त्याला सर्वोच्च शौर्यपदक द्यावं म्हणून मागणी झाली. २०१३ मध्ये चौकशी होऊन निर्णय आला की त्या वेळी युद्धवृत्तात त्याचा जो गौरवाने उल्लेख झाला, तो योग्यच होता. कित्येकांना वाईट वाटलं. मला सुटल्यासारखं झालं. ३०० माणसं वाचवणारा संत असेल तर मी त्याला हार घालून घरी जाऊ शकते. पण जहाजावरून पळालेला, मारामारी करणारा, आईसाठी जीव टाकणारा पोरगा असेल, तर त्याने मला गाठलं.

आणि तुम्ही त्याचं प्रसिद्ध चित्र पाहिलंय का? न्यूझीलंडच्या होरेस मूर-जोन्सने ते एका फोटोवरून काढलं. पण फोटोतला माणूस सिम्पसन नव्हताच. तो रिचर्ड हेंडरसन, न्यूझीलंडचा एक शिक्षक. गॅलिपोलीला तोही स्ट्रेचर वाहायचा आणि तोही गाढवावरून जखमी आणायचा. तो जिवंत परतला, पुढे त्याची दृष्टी गेली. कितीतरी वर्षं त्याचा चेहरा सिम्पसनच्या नावाने भिंतींवर लागला होता. शोमरोन्याला तर आपण नावही विचारत नाही.

प्रार्थना : प्रभू, आज जे कुणी पगारासाठी, खोलीसाठी, लोक काय म्हणतील म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसले आहेत, त्यांना तिथून उठवू नकोस. त्यांना त्या आजाऱ्याचा चेहरा दिसू दे. आणि हेंडरसनसारख्यांची नावं तुझ्याजवळ असू देत. आमेन.