दुरून बांधलेले घर

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची गणना केली आहे. त्यांत एक सर्प आहे. सर्प स्वतःचे घर बांधीत नाही. दुसऱ्याने उकरलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. गृहारंभ हा दुःखाचा आरंभ, हे अवधूत त्याच्यापासून शिकला. याच स्कंधावरची एकनाथांची टीका पैठणास सुरू होऊन 1573 मध्ये काशीस पुरी झाली. मुलूख सोडून आलेल्या आम्हा नोकरदारांना तिच्याविषयी जी जवळीक वाटते तिचे एक कारण हेही असावे. काशी येथून, म्हणजे प्रयागाहून, फार दूर नाही. परंतु सर्पाचा दृष्टांत वाचताना मला काशी आठवली नाही. सरकारी क्वार्टर आठवले. सत्तावीस वर्षांत राजकोट, ग्वाल्हेर, शिलाँग, रांची आणि प्रयाग अशा पाच गावी दुसऱ्याने बांधलेल्या बिळांत मी सुखाने राहिलो आहे. खिळा ठोकायचा तर भिंत आपली नव्हे, आणि छत गळले तर चिंताही आपली नव्हे. अवधूताने मला पाहिले असते तर सर्पाऐवजी माझीच निवड केली असती.

असा मनुष्य एकाहत्तर पायऱ्यांचे घाट ओलांडून गंगेत बुडी मारावी तसा अकस्मात घर बांधू लागला, याचे कारण अण्णा. माझे वडील त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. तेही रेल्वेच्या नोकरीत आयुष्यभर पराया छताखाली राहिले. वाईजवळच्या आमच्या गावी वाड्याचे जोते तेवढे उरले होते. त्यावर एरंड माजला होता. ‘एकदा आपल्या उंबऱ्यात बसून चहा घ्यायचा आहे,’ एवढेच ते म्हणाले. आमच्या दोन्ही मुलांनी तेथे राहण्यास कधी जाणार नाही असे आधीच स्पष्ट सांगितले आहे. मी निवृत्तीनंतर जाईन असे म्हणतो. सौभाग्यवती यावर काही बोलत नाहीत, आणि त्यांचे मौन वाचण्याइतका अनुभव मला आहे.

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. ज्या घरात कोणी राहील याची शाश्वती नाही ते बांधावे काय? 2011 च्या जनगणनेत देशाच्या केवळ शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. कुलूप लावलेल्या घरातही नदीची वाळू, भट्टीचे जळण आणि माणसांचे श्रम तेवढेच मुरलेले असतात. एका वृद्धाच्या चहाच्या पेल्यासाठी एवढे सारे खर्ची घालणे न्याय्य आहे काय? मला उत्तर सापडले नाही आणि मी कर्जाचा अर्ज भरला. विवेकाने प्रश्न विचारावा आणि हाताने मुकाट्याने सही करावी, हा प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे.

घर बांधू लागले ते खरे पाहता माझ्या पुतण्याने आणि गावच्या मिस्त्रींनी. मी ते पाहू लागलो. रोज सायंकाळी पुतण्या मोबाइलवर छायाचित्रे पाठवी. फक्कीने आखलेले चौकोन आले, पायाचे खड्डे आले, मग काळ्या दगडाचे जोते आले. (कर्जाचा पुढचा हप्ता जोते पुरे झाल्याखेरीज मिळत नसल्याने ते छायाचित्र मी कचेरीतील सहकाऱ्यांनाही दाखविले.) भिंती चढू लागल्या. भोजनोत्तर ही छायाचित्रे बोटांनी मोठी करून न्याहाळणे हा माझा नित्याचा उद्योग झाला. हळूहळू मला असे वाटू लागले की मी घर नुसते पाहत नाही, बांधतो आहे. दुरून पाहणाऱ्याला हा भ्रम फार लवकर होतो.

मी लेखापरीक्षेच्या खात्यात आहे, हे सांगितल्याविना पुढचे कळावयाचे नाही.

स्लॅब पडला त्या रात्री मी हिशोब घेऊन बसलो. छप्पर नऊशे चौरस फुटांचे, जाडी पाच इंच. म्हणजे साधारण साडेदहा घनमीटर काँक्रीट. एकास दीड आणि तीन या प्रमाणाने घनमीटरला सिमेंटची आठ पोती धरली तर चौऱ्याऐंशी पोती होतात. दुकानदाराच्या बिलावर एकशेदहा होती. छायाचित्रांत उरलेले एकही पोते दिसेना. सव्वीस पोत्यांचा पत्ता नव्हता. मी पुतण्याला चार ओळी लिहिल्या. त्यांत कठोर शब्द एकही नव्हता. कठोरपणा आकड्यांत होता. ‘सव्वीस पोती कोठे गेली याचा खुलासा मिस्त्रींकडून घ्यावा.’ पुतण्या सरळ मनाचा. त्याने त्या ओळी मिस्त्रींना, बिगाऱ्यांच्या देखत, जशाच्या तशा वाचून दाखविल्या.

खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तुळया मी धरल्याच नव्हत्या. स्लॅबखाली एकंदर साठ मीटर लांबीच्या, नऊ इंच रुंदीच्या आणि नऊ इंच खाली उतरणाऱ्या तुळया होत्या. त्यांचे काँक्रीट सव्वातीन घनमीटरांच्या आसपास भरते, आणि त्याला सव्वीस पोती लागतात. वरून घेतलेल्या छायाचित्रात तुळई दिसत नाही.

मी लागलीच मिस्त्रींना दूरध्वनी केला व दिलगिरी व्यक्त केली. ते म्हणाले, ‘सायेब, इचारलं ते बरंच केलं. पैका तुमचा हाय.’ यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी सुखी झालो असतो.

त्यानंतरची हकीकत मला अण्णांकडून कळली. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. ते वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेने ते कठीण होत जाते. म्हणून स्लॅब निदान सात दिवस ओला ठेवावा लागतो, आणि त्याच्या बळाची परीक्षा अठ्ठावीस दिवसांनी करतात. हे पाणी मारण्याचे काम मिस्त्रींचे नव्हे, बिगाऱ्याचे. तरीही त्या आठवड्यात मिस्त्री पहाटे आणि सायंकाळी स्वतः येत, विटेच्या आळ्यांत पाणी भरीत आणि निघून जात. त्या दिवसांची मजुरी त्यांनी मांडली नाही. अण्णांनी रोज चहा पुढे केला. तो मात्र त्यांनी एकदाही घेतला नाही.

यात माझा अपराध नेमका कोणता, हे मी अनेक दिवस शोधीत होतो. हिशोब विचारणे हा अपराध नव्हे. जो हिशोब विचारीत नाही तो उदार असतोच असे नाही. बहुधा तो आळशी असतो, आणि त्याच्या आळसाचे मोल दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तर न विचारणे हाच अपराध. मग सल कशाची?

एका मित्राने सांगितले की घर हे कचेरी नव्हे, तेथे विश्वासाने चालावे. हे मला पटले नाही. विश्वास म्हणजे डोळे मिटणे असेल तर मिस्त्रींनीही ओळंबा न धरता केवळ विटांवर विश्वास टाकून भिंत चढवावी! उलट मला असे दिसून आले की मी पुरेसा कचेरीसारखा वागलो नाही. आमच्या खात्याची एक जुनी रीत आहे. एखाद्या कार्यालयाच्या हिशोबात काही खटकले तर आधी साधी पृच्छा करावयाची. उत्तर येऊ द्यावयाचे. आक्षेपाचा मसुदाही प्रथम त्याच कार्यालयास दाखवावयाचा. ज्यांची तोंडे मी कधी पाहिली नाहीत अशा शेकडो अधिकाऱ्यांना मी हा शिष्टाचार दिला आहे. माझ्या घराच्या भिंती उभ्या करणाऱ्या माणसाला तो दिला नाही. ‘एकशेदहा पोती कशी लागली?’ असे विचारता आले असते. ‘सव्वीस कोठे गेली?’ हा प्रश्न नव्हता. तो निकाल होता. आणि निकाल देण्याचा अधिकार मला कोणी दिला? पैसा माझा होता म्हणून? ओळंबा मला धरता येत नाही, तुळई मला आठवत नाही. पैशाने एवढा अधिकार मिळतो काय?

आणखी एक गोष्ट लिहितो. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यांप्रमाणे त्या वेळी दहा लाखांहून अधिक खर्चाच्या घरावर एक टक्का उपकर भरावा लागे. तो त्या कामगारांच्या कल्याणासाठी असतो. मी तो भरला आणि पावती फाईलला लावली. पण डोक्यावर घमेली घेऊन शिडी चढणाऱ्या ज्या चार बायका छायाचित्रांत दिसत, त्यांपैकी एकीची तरी मंडळाकडे नोंद आहे काय, हे विचारण्याचे मला सुचले नव्हते. त्यांची छायाचित्रे मी सिमेंटची पोती मोजण्यासाठी मोठी करीत होतो. एका छायाचित्रात पुढे जेथे देवघर व्हावयाचे त्या खोलीत लुगड्याची झोळी बांधून मूल निजविलेले दिसत होते. ते छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे लक्ष झोळीमागच्या भिंतीला गिलावा अजून का नाही इकडे होते. आता मी पुतण्याला नोंदीविषयी लिहिले आहे. दोघींची नोंद होती, दोघींची नव्हती. त्या दोघींचे अर्ज गेले आहेत.

दिवाळीत रजा मिळाली. बस पाचवडला थांबली तेव्हा उजाडत होते. घरी पोहोचलो तो सेंट्रिंग निघाले होते आणि छताखाली ओल्या सिमेंटचा वास कोंडला होता. मी वर पाहिले आणि एकेक तुळई मोजीत खोल्यांतून फिरलो. इतकी छायाचित्रे पाहूनही स्वयंपाकघर कोणत्या अंगाला आहे ते मला प्रथम उमगेना; अण्णांनी काठीने दाखविले. मिस्त्री चौकट बसवीत होते. पाणसळ लावून त्यांनी उंबऱ्याकडे पाहिले, पाचर थोडी ठोकली, पुन्हा पाहिले. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारले, ‘देवळी कोनच्या हाताला ठिवायची?’

मला ते माहीत नव्हते. मी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, ‘जुन्या वाड्याला उजव्या हाताला होती. पण वारं तिकडनंच येतं, दिवा टिकायचा नाही. त्यांनाच विचार.’

मी विचारले. त्यांनी थापी खाली ठेवली, दारात उभे राहून थोडा वेळ वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि डाव्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने एक चौकोन काढला. पुतण्या आतून चहा घेऊन आला होता. पेले चार होते.