झडती कुणाची, जबाबदारी कुणाची?

(काका बँकेतून निवृत्त झालेले. पुतणी पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये एका अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे फोन घेते.)

पुतणी : भारतातून बोलतेय म्हटलं की काही जण सरळ सांगतात, आमच्या देशातल्या माणसाला फोन द्या. मी काय चोर आहे?

काका : चोर कोण म्हणतंय तुला? पण आपलं खातं पुण्यात कोण उघडून बघणार, हे बँकेने त्यांना कधी विचारलं होतं?

पुतणी : तिथल्या माणसालाही तोच स्क्रीन दिसतो. अफरातफर काय फक्त इथेच होते?

काका : कुठेही होते. पण शाखेत जाऊन मॅनेजरला जाब विचारता येतो. इथे कुणाला विचारायचा? 2005 चं पुण्यातलं प्रकरण विसरू नकोस. कॉल सेंटरमधल्या पोरांनी अमेरिकन ग्राहकांचे पिन मिळवून लाखो डॉलर वळते केले होते.

पुतणी : कसे मिळवले, तेही सांगा ना. काही हॅक केलं नव्हतं. मदतीच्या नावाखाली गोड बोलून ग्राहकांकडूनच काढून घेतले. आणि पकडलं ते पुणे पोलिसांनीच.

काका : बरं, पुढे?

पुतणी : पुढे आमच्यावर पहारा. मोबाइल लॉकरमध्ये, फ्लोअरवर कागद-पेन न्यायचं नाही, कॉल रेकॉर्ड होणार. 2006 मध्ये नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने कर्मचाऱ्यांची नोंदणी सुरू केली, तिथे बोटांच्या ठशांसकट माझी सगळी कुंडली आहे. ग्राहकाचं खासगीपण जपायचं म्हणून माझं गहाण टाकायचं, हा कुठला न्याय?

काका : तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असायची, दुसरी मॅनेजरकडे. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. तूट आली तर तोही अडकायचा ना! तुमच्याकडे झडती खालच्याची होते. वरच्याच्या हातात किल्ली आहे का, ते बघ.

पुतणी : कायदा आहे की. 2008 च्या दुरुस्तीने आयटी कायद्यात 72अ कलम आलं. करार मोडून कुणाची खासगी माहिती फोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

काका : कैद होईल तुला. ओहायोतल्या म्हातारीने काय पुण्याच्या कोर्टात खेटे घालायचे? आपल्या रिझर्व्ह बँकेने 2006 मध्येच बँकांना बजावलंय : काम बाहेर दिलं तरी ग्राहकाची जबाबदारी तुमचीच. मला तेच पटतं. बँकेने आधी भरपाई द्यावी, मग चोराच्या मागे लागावं.

पुतणी : आणि ग्राहकाने भारतात माहिती पाठवायलाच नकार दिला तर?

काका : तो त्याचा हक्क.

पुतणी : सगळ्यांनीच दिला तर माझी नोकरी गेली!

काका : जाईल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुझी नोकरी टिकावी म्हणून परक्याचा विश्वास त्याला न विचारता वापरायचा, हेही पटत नाही.

पुतणी : म्हणजे तोटा ग्राहकाला, नाहीतर मला.

काका : हो. आणि स्वस्तात काम उरकून घेणारी बँक या हिशेबात कुठेच नाही. तुम्ही दोघं मात्र एकमेकांवर संशय घेत बसता.