लिहिताना न अडवणारी भाषा

पायथनमध्ये ऑब्जेक्टकडे नसलेलं काही मागितलं, तर लगेच ॲट्रिब्यूट-एरर येतो. पण नसलेल्या नावाने काही ठेवायला गेलात, तर ते मुकाट ठेवून घेतलं जातं. वाचताना कडक, लिहिताना सैल. या भाषेतल्या कितीतरी छळणाऱ्या चुका या एका भेदातून निघतात.

पायथन 3 मध्ये नावं देवनागरीतही देता येतात, म्हणून उदाहरण देवनागरीतच घेऊ. ‘खाते.शिल्लक’मध्ये 500 आहेत. पैसे काढल्यावर कुणी घाईत ‘खाते.शिलक = 300’ लिहितो. एक ‘ल’ गळला. पायथन हूं की चूं करत नाही. ‘शिलक’ नावाचं नवं ॲट्रिब्यूट जन्माला येतं, खरी शिल्लक 500च राहते आणि प्रोग्राम पुढे चालू लागतो. घोळ दिसतो तो महिनाअखेरीला, हिशेब जुळेनासा होतो तेव्हा, भलत्याच फाइलमध्ये.

कारण साधं आहे. नेहमीच्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टजवळ स्वतःची डिक्शनरी असते आणि नवं नाव आलं की तिच्यात नोंद पडते. जावात फील्ड आधी जाहीर करावे लागतात. तिथे ‘शिलक’ कंपायलरच अडवतो. पायथनची मोकळीक मुद्दाम दिलेली आहे आणि प्रयोग करताना ती फार उपयोगी पडते, हेही खरं.

मग बचाव कसा करायचा? अनेक जण जागोजागी ‘गेटॲट्र(खाते, "शिल्लक", 0)’ लिहितात. याला बचाव म्हणायला मी तयार नाही. नाव चुकलं तरी निमूट 0 हाती येतो. भाषा जिथे ओरडणार होती, तिथेही आपण तिचं तोंड दाबतो.

पहारा हवा तो लिहिण्याच्या जागी. पायथन 2.2 पासून, म्हणजे 2001 पासून, क्लासमध्ये ‘स्लॉट्स’ची यादी देता येते. ही सोय आली मेमरी आणि वेगासाठी, पण यादीबाहेरचं नाव लिहिलं की त्याच ओळीवर एरर येतो. मात्र वरच्या किंवा खालच्या एखाद्या क्लासने स्लॉट्स दिले नाहीत, तर डिक्शनरी परत येते आणि पहारा उठतो. मायपायसारखा तपासनीस अशी चूक प्रोग्राम चालवण्याआधीच दाखवतो. त्यासाठी टाइप मात्र लिहायला हवेत.

सगळ्या क्लासना हे नको. पण ज्यात पैशाचा किंवा औषधाच्या मात्रेचा हिशेब आहे, त्या क्लासला ही यादी आजच द्या.